सोन्याचे नॅनोकण, पॉलिमरचं कुंपण आणि कॅटॅलिसिस: हे सगळं सुरू कुठून झालं

नॅनो हा शब्द (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) आत्ताचा वाटतो, पण काम जुनंय. 1857 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॅरडेने सोन्याच्या क्षाराचं फॉस्फरसने क्षपण करून माणकासारखं लाल द्रावण बनवलं, आणि हा रंग सोन्याच्या अतिशय बारीक कणांमुळेच येतो हे त्याने ओळखलं, तेही इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नसताना! त्यातल्या काही बाटल्या अजून तिथे जपून ठेवल्यात.

अडचण एकच, हे कण स्वस्थ बसत नाहीत, जरा मीठ पडलं की एकमेकांना चिकटतात, द्रावण निळं पडतं आणि मग सगळा गाळ तळाला. झिगमोंडी या रसायनशास्त्रज्ञाने जिलेटिन घालून हे थांबतं का ते मोजलं, तर स्किटा या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाने 20व्या शतकाच्या सुरुवातीला चक्क डिंक वापरून पॅलेडियम, प्लॅटिनमचे कण धरून ठेवले आणि त्यांच्यावर हायड्रोजनेशन केलं, म्हणजे कणांच्या मदतीने दुसऱ्या रेणूंना हायड्रोजन जोडला. स्वतः न संपता रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणं, हेच कॅटॅलिसिस, आणि असं करणारा पदार्थ म्हणजे कॅटॅलिस्ट. म्हणजे पॉलिमर (लांब साखळीसारखे मोठे रेणू, डिंक त्यातलाच) आणि धातूची जोडी तेव्हाचीच, फक्त पॉलिमर बाभळीचा होता. पुढे पीव्हीए, पीव्हीपी असे कारखान्यात बनवलेले पॉलिमर आले. 1951 मध्ये टर्केविचने सोन्याच्या क्षाराच्या उकळत्या द्रावणात सायट्रेट (सायट्रिक आम्लाचा क्षार) टाकायची कृती नीट बसवली, साधारण 20 नॅनोमीटरचे कण मिळतात, आजही शिकाऊ पोरं तीच करतात.

पण सोनं कॅटॅलिस्ट म्हणून बिनकामाचं असाच समज होता बराच काळ. 1987 मध्ये जपानच्या हारुताने लोह, कोबाल्ट वगैरेंच्या ऑक्साइडवर 5 नॅनोमीटरपेक्षा लहान सोन्याचे कण बसवले तर कार्बन मोनॉक्साइड उणे 70 अंशालाही जळायला लागला. यानंतर सगळेच सोन्याच्या मागे लागले.

आता खरी मेख. पॉलिमर कणांना सांभाळतो खरा, पण जास्त घट्ट चिकटला तर रिअ‍ॅक्शन व्हायला पृष्ठभागच मोकळा राहत नाही, कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा ना. म्हणून 1998 मध्ये क्रुक्सच्या गटाने वेगळी शक्कल लढवली, डेंड्रिमर नावाच्या फांद्याफांद्यांच्या रेणूच्या पोटातच कण बनवायचे, बाहेरून मोठा माल आत शिरत नाही, लहान रेणू शिरतात.

माझ्या मते सगळ्यात भारी काम बालाउफच्या गटाचं, 2006 च्या आसपासचं. त्यांनी पीनायपॅम नावाच्या पॉलिमरच्या जेलमध्ये चांदीचे कण बसवले. हे जेल साधारण 32 अंशाच्या वर आकसतं आणि पाणी बाहेर टाकतं. कण किती काम करतात हे बघायला त्यांनी नायट्रोफिनॉल या रसायनाची रिअ‍ॅक्शन घेतली: त्यात बोरोहायड्राइड (क्षपण करणारं रसायन) घातलं की द्रावण गडद पिवळं होतं, धातू नसेल तर तासन्‌तास तसंच राहतं, असेल तर काही मिनिटांत रंग उडतो, त्यामुळे वेग मोजणं सोपं. त्यांनी तापमान वाढवलं तर वेग वाढायच्या ऐवजी मध्येच घसरला, कारण आकसलेल्या जेलमधून नायट्रोफिनॉल आत पोचेना, अजून तापवल्यावर मग परत वाढला. म्हणजे नुसता राखणदार असलेला पॉलिमर आता वेग ठरवायला लागला!

आपल्याकडे पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) 2001 च्या सुमारास मुरली सस्त्रींच्या गटाने बुरशीकडून चांदीचे कण बनवून घेतले, तिथे वरचं आवरण बुरशीच्याच प्रथिनांचं, आणि प्रथिन म्हणजे शेवटी पॉलिमरच की.