कॅल्शियमची गोळी आणि ‘प्रोस्टेटसाठी’ची कॅप्सूल

प्रोस्टेटच्या कॅन्सरवर उपचार झालेल्या माणसाच्या गोळ्यांच्या डब्यात हल्ली दोन तऱ्हेच्या ‘व्हिटॅमिनच्या गोळ्या’ दिसतात. एक डॉक्टरांनी लिहून दिलेली, कॅल्शियम आणि डी-३ ची. दुसरी मुलाने ऑनलाइन मागवलेली, नाहीतर नौपाड्यातल्या मेडिकलमधून बाबांनी स्वतःच उचललेली. तिच्या डब्यावर टोमॅटो, सेलेनियम, झिंक, व्हिटॅमिन ई वगैरे. घरात दोन्हींना एकच न्याय: ‘व्हिटॅमिनच आहे, खाल्लं तर बिघडतंय काय?’

आधी पहिलीचं बघू. कॅन्सरला खतपाणी घालणारं टेस्टोस्टेरॉन खाली आणायला ल्युप्रोलाइडसारखी हार्मोनची इंजेक्शनं देतात. टेस्टोस्टेरॉन उतरलं की हाडं विरळ होऊ लागतात. पडल्यावर खुबा मोडण्याची भीती वाढते. कॅल्शियम आणि डी-३ यासाठी लिहिलेलं असतं, कॅन्सर मारायला नव्हे. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुरू असेल, तर ही गोळी चुकवणं आणखी महागात पडतं. रक्तातलं कॅल्शियम झपकन खाली येतं, ओठांभोवती मुंग्या येतात, हातापायात गोळे येतात. म्हणजे कंटाळा आला म्हणून सोडून देण्यातली ही गोळी नाही.

दुसरीची गोष्ट वेगळी. सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई प्रोस्टेटचं रक्षण करतील, ही आशा एके काळी शास्त्रज्ञांनाही होती. म्हणून २००१ मध्ये अमेरिकेत ‘सिलेक्ट’ नावाची मोठी चाचणी सुरू झाली. ३५ हजारांहून अधिक पुरुष त्यात होते. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११ च्या निष्कर्षांनी तर कहरच केला: नुसतं व्हिटॅमिन ई (रोज ४०० युनिट) घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सरचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघालं. ही मंडळी सुरुवातीला कॅन्सर नसलेली होती. ज्यांना कॅन्सर झालेला होता अशा पुरुषांवरच्या २०१५ च्या एका अभ्यासात, रोज १४० मायक्रोग्रॅम किंवा जास्त सेलेनियमची पूरक गोळी घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू येण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या अडीचपटीहून जास्त होतं. असा निरीक्षणाचा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, हे खरं. पण उपचार संपलेल्या माणसाने पदरचे पैसे घालून हा धोका का पत्करावा, हे मला तरी कळत नाही. आमटीतल्या टोमॅटोबद्दल अर्थातच कुणाची तक्रार नाही.

दोन्हीतला फरक डब्यावरच छापलेला असतो. औषधाच्या पट्टीवर औषध बनवण्याचा परवाना क्रमांक असतो. पूरक आहाराच्या डब्यावर एफएसएसएआयचं (म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) चिन्ह आणि १४ आकडी क्रमांक असतो, शिवाय औषध म्हणून वापरू नये असं बारीक अक्षरांत लिहिलेलं. कायद्याच्या नजरेत तो खाद्यपदार्थ आहे. रोग बरा करतो असा दावा त्याला करता येत नाही, म्हणून मग ‘आरोग्याला साथ’ वगैरे गुळमुळीत भाषा. (कॅल्शियम दोन्ही रूपांत मिळतं, म्हणून पट्टी उलटून बघाच.) आयुर्वेदिक औषधांचा परवाना आणखी वेगळा.

‘वनस्पतींचं आहे, साइड इफेक्ट नाही’ म्हणणाऱ्यांसाठी पीसी-स्पेसचं उदाहरण पुरे. प्रोस्टेट कॅन्सरचे रुग्ण घेत असलेलं हे वनौषधींचं मिश्रण अमेरिकेत २००२ मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं. तपासणीत रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि एक कृत्रिम स्त्री-हार्मोन सापडलं होतं. पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरवर लक्ष ठेवायला रक्तात मोजतात तो आकडा) उतरत होता खरा, पण श्रेय पाल्याचं म्हणायचं की हार्मोनचं?

लिहून दिलेल्या गोळीचाही घोळ होतोच. डी-३ ची ६०,००० युनिटची कॅप्सूल बहुतेकदा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. ती रोज घेतली, किंवा जुनीच चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने चालू ठेवली, तर रक्तात कॅल्शियम चढतं. मळमळ, बद्धकोष्ठ, भ्रम, किडनीला मार. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ असेल तर कॅलेंडरवर वार लिहून ठेवावा.

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला (टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्राला) किंवा ठाण्यातल्या आपल्या डॉक्टरांकडे फेरतपासणीला जाताना सगळे डबे पिशवीत घालून न्या, केसांसाठी घेतलेली बायोटिनची गोळीसुद्धा. बायोटिनची रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅम. बाजारातल्या गोळीत बऱ्याचदा १०,००० असतात. एवढं बायोटिन रक्तात असताना काही लॅबच्या पद्धतीत पीएसए खोटाच कमी दिसू शकतो. रक्त देण्याच्या किती दिवस आधी ती बंद करायची, हे लॅबला फोन करून विचारून घ्यावं.