टेपने मापं कळतात, स्वभाव नाही

11 जुलै 2012 रोजी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये लेनॉक्स नावाच्या कुत्र्याला न्यायालयाच्या आदेशानुसार मारण्यात आलं. दोन वर्षांपूर्वी महापालिकेच्या माणसांनी टेपने त्याची मापं घेतली आणि तो ‘पिटबुलसारखा’ ठरला. तो कुणाला चावल्याची नोंद नव्हती. महापालिकेच्या तज्ज्ञाने मात्र तो बेभरवशाचा असल्याची साक्ष दिली आणि अपिलातही निकाल फिरला नाही.

ब्रिटनचा 1991 चा कायदा आणि उत्तर आयर्लंडमधला त्याच धर्तीचा कायदा काही ‘प्रकारच्या’ कुत्र्यांवर बंदी घालतात. वंशावळीचा कागद लागत नाही. डोकं, छाती, पाय यांची ठेवण बरीचशी जुळली की पुरे. पण ठेवणीवरून स्वभाव कळतो का?

इथे आनुवंशिकतेतली एक सुंदर गोष्ट आहे. कुत्र्याचं रूप मोजकी जनुकं ठरवतात. डॅशहुंडचे आखूड पाय एफजीएफ-4 या जनुकाच्या एका जादा प्रतीमुळे होतात. अशी एखादी जोरकस जनुकं निवडून पैदास केली की काही पिढ्यांत सगळी जात एकसारखी दिसू लागते. स्वभावाचं तसं नाही. तिथे जीनोममधल्या, म्हणजे संपूर्ण डीएनएमधल्या, असंख्य जागांचा प्रत्येकी इवलासा वाटा असतो. त्यात पिल्लाचे पहिले तीन महिने कसे गेले, याचीही भर पडते. म्हणून एकाच जातीत भित्री, शांत आणि तापट अशी सगळी कुत्री निघतात. 2022 साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासात 18,000हून जास्त कुत्र्यांची माहिती आणि 2,155 कुत्र्यांचा डीएनए तपासला होता. वागण्यातल्या फरकांपैकी जातीने उलगडणारा भाग जेमतेम 9 टक्के निघाला. कुत्रं किती चटकन बिथरतं, याचा अंदाज तर जातीवरून जवळजवळ लागतच नाही. मोठ्या जबड्याचा चावा जास्त इजा करतो, हे खरंच. पण पिटबुलचा जबडा ‘लॉक’ होतो ही निव्वळ थाप आहे. तसा कुठलाही खटका त्या हाडांत नसतो.

1997 च्या दुरुस्तीने ब्रिटिश न्यायालयांना अशा कुत्र्याला जीवदान देण्याची मुभा मिळाली. आता स्वभाव, पूर्वीचं वागणं आणि मालकाची लायकी पाहिली जाते. मग नसबंदी, मुसकं, पट्टा या अटींवर कुत्रं घरी जाऊ शकतं. ही दिशा योग्य आहे. तरी बंदीची यादी वाढतेच. अलीकडे तिच्यात एक्सएल बुली हा थोराड, दणकट कुत्र्यांचा प्रकार आला. आपल्याकडेही मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींवर बंदीचं पत्रक काढलं होतं, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये रद्द केलं.

स्वभाव तपासायचा तर तो नीट तपासावा. महिनोन्‌महिने पिंजऱ्यात कोंडलेलं कुत्रं ताणाने वेगळं वागतं. ताब्यात घेतल्यावर पहिल्या काही दिवसांतच एकाहून जास्त तज्ज्ञांनी त्याला पाहिलं पाहिजे, आणि शेजाऱ्यांची साक्षही न्यायालयापुढे आली पाहिजे.