काना आणि मात्रा: दामियान अल्कासार की देमियान बिचिर?

'नार्कोस' या ड्रग्ज टोळ्यांवरच्या मालिकेचा तिसरा सीझन संपवून माझ्या भावाने रात्री फोन केला. "काली कार्टेलचा तो गिल्बर्तो... 'अ बेटर लाइफ'मधला बाप तोच ना?" तो नव्हे. काली कार्टेल या कोलंबियातल्या ड्रग्ज टोळीचा म्होरक्या गिल्बर्तो रोद्रिगेस ओरेहुएला साकारणारा दामियान अल्कासार. 'अ बेटर लाइफ'मधला बाप देमियान बिचिर.

गल्लत होणं साहजिक आहे. नावं देवनागरीत लिहिली, तर पहिल्या अक्षराला एकाच्या काना, दुसऱ्याच्या मात्रा, एवढाच फरक. दोघेही मेक्सिकोचे, दोघेही सिनेमा आणि मालिका दोन्हींत रमलेले, दोघांनीही मेक्सिकोचा मानाचा एरिएल पुरस्कार मिळवलेला. दोघांच्याही कामातली धग बघणाऱ्याला अस्वस्थ करते. पण ती धग दोघांकडे वेगवेगळ्या जागी पेटते, आणि ती जागा कळली की पुन्हा गोंधळ होत नाही.

अल्कासार वयाने मोठा. 1953 साली मिचोआकान राज्यातल्या हिकिल्पानमध्ये जन्मलेला. त्याला ओळखायचं तर दिग्दर्शक लुईस एस्त्रादाच्या सिनेमांपासूनच सुरुवात करावी. 1999 च्या 'ला लेय दे एरोदेस'मध्ये तो हुआन व्हार्गास झालाय. काळ 1949 चा. हुआन कचरा डेपोचा रखवालदार, पक्षाचा साधाभोळा कार्यकर्ता. एका आडगावाला तात्पुरता महापौर हवा असतो म्हणून याला तिथे बसवतात. गावाच्या तिजोरीत खडखडाट. मदत मागायला तो वरिष्ठांकडे जातो, तर ते त्याच्या हातात राज्यघटनेचं पुस्तक आणि एक पिस्तूल ठेवतात. इथून अल्कासार जे करतो ते मी कितीदा पाहिलं तरी माझं समाधान होत नाही. कुंटणखान्याच्या मालकिणीची लाच तो आधी नाकारतो, मग घेतो, मग स्वतः मागायला लागतो. कुठल्या क्षणी हा माणूस बिघडला, ते बोट ठेवून सांगता येत नाही. आपण हसत असतो आणि हसता हसता समोर एक खुनी उभा राहिलेला असतो.

या सिनेमाने सत्ताधारी पक्षाचं, पीआरआयचं, नाव थेट घेतलं. तो पक्ष 1929 पासून सत्तेत होता. सरकारी यंत्रणेने प्रदर्शनात अडथळे आणायचा प्रयत्न केला, त्यावर गदारोळ झाला आणि लोकांचं कुतूहल उलट वाढलं. 2000 साली पीआरआयने राष्ट्राध्यक्षपद गमावलं. सिनेमामुळे ते घडलं असं मी म्हणणार नाही, पण लोकांच्या मनातला राग अल्कासारच्या चेहऱ्यावर दिसला हे नक्की.

2010 च्या 'एल इन्फिएर्नो'त तीच घसरण आणखी काळी होते. वीस वर्षांनी अमेरिकेतून हाकलला गेलेला बेनी गावी परततो, भाऊ मारला गेल्याचं कळतं, आणि हळूहळू तोही अमली पदार्थांच्या टोळीत शिरतो. यानंतर 'नार्कोस'मधला शांत, हिशेबी गिल्बर्तो पाहा. तोच नट आहे यावर विश्वास बसत नाही. 'प्रिन्स कॅस्पियन'मधला लॉर्ड सोपेस्पियन, 'ब्लू बीटल'मधला बाप आणि 'अकापुल्को' मालिकेतला डॉन पाब्लोही अल्कासारच.

बिचिर दहा वर्षांनी लहान, 1963 चा, मेक्सिको सिटीचा. घरच रंगभूमीचं: वडील आलेहान्द्रो, आई मारिक्रूस नाहेरा, भाऊ ओदिसेओ आणि ब्रुनो, सगळेच नट. अल्कासारची माणसं सरकत जातात. बिचिरची माणसं धरून ठेवतात, दात आवळून.

'अ बेटर लाइफ' (2011) बघताना हे डोळ्यांसमोर येतं. कार्लोस लॉस एंजेलिसमध्ये बागकाम करतो. कागदपत्रं नाहीत. बहिणीकडून पैसे घेऊन तो ट्रक विकत घेतो आणि एके दिवशी उंच ताडावर चढलेला असताना खाली ज्याला कामाला घेतलं तोच ट्रक घेऊन पळतो. कार्लोसला ते वरून दिसतं. उतरायला वेळ लागणार, पोलिसांत जायची सोय नाही. एखाद्या नटाने इथे छाती पिटली असती. बिचिर फक्त धडपडत खाली येतो आणि धावत सुटतो, आणि आपल्याच पोटात गोळा येतो. या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि ते त्याने अमेरिकेत कागदपत्रांविना राबणाऱ्या 1 कोटी 10 लाख माणसांना अर्पण केलं. पुरस्कार त्या वर्षी 'द आर्टिस्ट'च्या ज्याँ द्युजार्दँला गेला. मला ते अजून सलतं.

'वीड्स'मधला तिहुआनाचा महापौर, 'चे'मधला फिडेल कास्त्रो, 'द हेटफुल एट'मधला बॉब, 'द नन'मधला धर्मगुरू हे सगळे बिचिर. पण मालिकांत 'द ब्रिज' चुकवू नका. मेक्सिकोतलं सियुदाद हुआरेस आणि अमेरिकेतलं एल पासो यांच्यामधल्या पुलावर, बरोब्बर सीमारेषेवर, एक प्रेत सापडतं. बिचिरचा मार्को रुइस हा मेक्सिकन पोलीस आधी खळखळून हसणारा, बायकांमध्ये रमणारा. मुलगा गेल्यावर तो जवळजवळ गप्प होतो आणि ते गप्प राहणंच भीतीदायक वाटतं.

भावाला मी या शनिवारी 'ला लेय दे एरोदेस' आणि रविवारी 'अ बेटर लाइफ' बघायला सांगितलंय.