मशीन हेड (अल्बम)

'मशीन हेड' हा डीप पर्पल या इंग्लिश बँडचा मार्च १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला अल्बम. हार्ड रॉकच्या, म्हणजे जोरकस विद्युत गिटारवर उभ्या रॉक संगीताच्या, पायाभूत कामांत त्याची गणना होते. इयन गिलन (गायन), रिची ब्लॅकमोर (गिटार), जॉन लॉर्ड (ऑर्गन), रॉजर ग्लोव्हर (बेस) आणि इयन पेस (ड्रम) हे त्यातले पाच वादक-गायक. गाणी सातच आणि लांबी चाळीस मिनिटांहूनही कमी. भरताड असे जवळजवळ नाहीच.

बँडला स्टुडिओतला कोंदट आवाज नको होता, मैफलीतला जोर हवा होता. म्हणून स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील कॅसिनोच्या सभागृहात, रोलिंग स्टोन्स या बँडचा ट्रकमधला फिरता स्टुडिओ भाड्याने आणून ध्वनिमुद्रण करायचे ठरले. ४ डिसेंबर १९७१ रोजी तिथे अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना एका श्रोत्याने फ्लेअर गन (इशाऱ्याचा जळता गोळा उडवणारे पिस्तूल) झाडली आणि कॅसिनो जळून गेला. पुढे एका नाट्यगृहात काम सुरू झाले, पण रात्रीच्या गोंगाटाने शेजारी वैतागले आणि पोलीस दारात आले. अखेर हिवाळ्यासाठी बंद असलेले ग्रँड हॉटेल मिळाले. कॉरिडॉरमध्ये गाद्या उभ्या करून आवाज आवरला. वाजवलेले ऐकायला बाहेरच्या ट्रकपर्यंत जाण्यात इतका वळसा पडे की मंडळींनी ते ऐकणेच सोडून दिले. अल्बममधला ताजेपणा काही अंशी या गैरसोयीचाच असावा. ध्वनिमुद्रणाची बाजू मार्टिन बर्च यांनी सांभाळली.

आगीवर रचलेले 'स्मोक ऑन द वॉटर' सर्वांत गाजले. त्याचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी स्वरावली) नवशिके पहिल्याच आठवड्यात वाजवू लागतात, त्यामुळे तो घासून गुळगुळीत झाला आहे. मूळ मुद्रणात मात्र त्याची उभारणी ऐकण्यासारखी आहे: आधी एकटी गिटार, मग हाय-हॅट (ड्रमसंचातील झांजांची जोडी) आणि ऑर्गन, नंतर बाकीचे ड्रम, शेवटी बेस. अर्थात अल्बमची खरी ताकद गिटार आणि ऑर्गनच्या बरोबरीत आहे. लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन मार्शल या गिटारसाठी वापरल्या जाणाऱ्या अँप्लिफायरमधून वाजवत. त्यामुळे तो गिटारइतकाच खरखरीत, आक्रमक होतो. 'हायवे स्टार'मध्ये दोघांचेही स्वतंत्र सोलो आहेत आणि दोन्हींत जर्मन अभिजात संगीतकार बाखच्या वळणाच्या स्वरमालिका दिसतात. 'लेझी' तर जवळजवळ वाद्यसंगीतच, ब्लूजच्या अंगाने सैलावत जाणारे. 'पिक्चर्स ऑफ होम'मधला ग्लोव्हरचा छोटा बेस सोलो सहसा दुर्लक्षित राहतो. पहिली सिंगल (स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेले गाणे) म्हणून निवडलेले 'नेव्हर बिफोर' त्या मानाने फिके आहे आणि ते फारसे चाललेही नाही. 'स्मोक' अमेरिकेत सिंगल म्हणून निघाले ते थेट १९७३ मध्ये, आणि तिथल्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर पोचला होता.

ऑगस्ट १९७२ च्या जपान दौऱ्यात मुद्रित झालेल्या 'मेड इन जपान' या थेट मैफलीच्या अल्बमवर यातील चार गाणी आहेत. त्यात साडेचार मिनिटांचे 'स्पेस ट्रकिन' सुमारे वीस मिनिटांपर्यंत पसरते. दोन्ही रूपे लागोपाठ ऐकावीत.