फ्रेमिंग स्क्वेअर की स्पीड स्क्वेअर? वासा कापण्याआधी

आपल्याकडे काटकोन बघायच्या कुठल्याही हत्याराला सुतार आणि गवंडी सरळ गुण्या म्हणतात. त्यामुळे अमेरिकेतल्या लाकडी घरांच्या बांधकामात फ्रेमिंग स्क्वेअर आणि स्पीड स्क्वेअर ही दोन नावं ऐकली, की एकच गुण्या मोठ्या-लहान मापांत मिळत असेल असं वाटतं. तसं नाही. छपराचा उतार धरण्याची दोघांची रीतच निराळी आहे, आणि ती न कळता कापलेला वासा वाया जातो.

फ्रेमिंग स्क्वेअर म्हणजे इंग्रजी एल अक्षरासारखी पोलादी पट्टी. लांब पातं २४ इंच, आखूड पातं १६ इंच. आखूड पात्याची रुंदी दीड इंच, आणि भिंतीतल्या उभ्या लाकडी खांबाची, म्हणजे स्टडची, जाडीही दीडच इंच. स्टड साधारणपणे १६ इंचांवर येतात, म्हणून हे पातं प्लेटवर, म्हणजे स्टड ज्यावर उभे राहतात त्या आडव्या लाकडावर, आडवं टाकलं की पुढच्या स्टडची जागा मिळते आणि उभं धरलं की त्याची जाडी आखता येते. टेपला हातही लावावा लागत नाही.

स्पीड स्क्वेअर हा त्रिकोण. १९२५ साली अल्बर्ट स्वॉन्सन यांनी तो घडवला. मूळ माप ७ इंच. एका कडेला उंचवटा असतो, तो लाकडाला टेकवला की काटकोन तयार. टू-बाय-फोर नावाची भिंतीची लाकडं झटपट आखायला आणि गोल करवतीला आधार म्हणून धरायला याच्याइतकं हाताशी दुसरं काही नाही.

खरा गोंधळ छपराशी सुरू होतो. अमेरिकेतले सुतार उतार अंशांत सांगत नाहीत. १२ इंच आडवं गेल्यावर छप्पर किती इंच चढतं, तेवढंच सांगतात. ‘आठ-बारा’ म्हणजे १२ इंचांत ८ इंच चढ. फ्रेमिंग स्क्वेअर हे जसंच्या तसं घेतो: एका पात्यावरचा ८ आणि दुसऱ्यावरचा १२ वाशाच्या कडेला टेकवायचा, की छपराचाच एक छोटा त्रिकोण लाकडावर उभा राहतो. कोन किती अंशांचा, हे विचारायची गरजच नाही.

स्पीड स्क्वेअर मात्र एका टोकावर फिरवावा लागतो, आणि कुठवर फिरवायचा ते त्याच्यावरचे आकडे सांगतात. ‘कॉमन’ लिहिलेल्या ओळीतला ८ म्हणजे आठ-बारा, म्हणजे सुमारे ३३.७ अंश. शेजारी अंशांची ओळ असते, तिथला ८ म्हणजे फक्त ८ अंश, १२ इंचांत जेमतेम पावणेदोन इंच चढ. नवखा माणूस इथेच चुकतो, म्हणून पेन्सिल टेकवण्याआधी ओळीचं नाव वाचायची सवय लावाच.

कोन मिळाला तरी लांबी उरतेच. ती स्पीड स्क्वेअरवर कोरलेली नसते. फ्रेमिंग स्क्वेअरच्या लांब पात्यावर बहुधा कोष्टक असतं. ८ च्या आकड्याखाली पहिल्या ओळीत १४.४२ दिसेल: दर फूट आडव्या अंतराला वाशाची एवढे इंच लांबी. २४ फूट रुंद घरात भिंतीपासून मध्यापर्यंत १२ फूट. १४.४२ गुणिले १२ म्हणजे १७३ इंच, १४ फूट ५ इंच. आढं दीड इंच जाड असेल तर त्याच्या निम्मा, पाऊण इंच, आडव्या मापाने वजा करायचा आणि भिंतीबाहेर येणारी वाशाची शेपटी वेगळी धरायची.

हाच गुण्या वाशावर बारा वेळा सरकवत नेऊनही लांबी काढतात. मला ते पटत नाही. दर वेळी अर्धा सूत चुकलं तरी शेवटी सहा सूत, म्हणजे पाऊण इंच जातो. गुणाकार करून टेपने एकदाच माप घ्यावं. जिन्याच्या पायऱ्यांना मात्र सरकवण्याची रीतच योग्य, कारण तिथे प्रत्येक पायरी आखायचीच असते.

कोकणातल्या चौपाखी घरांत कोपऱ्यांवरून आढ्याकडे जातात ते कोनवासे. अमेरिकेतल्या हिप छपरातही तेच असतात, आणि गणित इथे बदलतं. कोनवासा तिरका धावतो, म्हणून साधा वासा १२ इंच जातो तेव्हा तो जवळजवळ १७ इंच जातो. १२ इंची चौकोनाचा कर्ण १६.९७ असतो. चढ मात्र तोच ८ इंच. म्हणून फ्रेमिंग स्क्वेअरवर ८ आणि १७ धरायचे, लांबीला कोष्टकाची दुसरी ओळ, १८.७६, घ्यायची. वरच्याच घरात तो १८ फूट ९ इंच १ सूत भरेल. आढ्यापाशी घट याच्याही मापात धरायची. स्पीड स्क्वेअरवर यासाठी ‘हिप-व्हॅली’ अशी निराळी ओळ असते, पण ती फक्त कोन देते.

माझ्या मते भिंती उभारताना कमरेला स्पीड स्क्वेअर पुरतो. छपराची आखणी करायला बसलात की फ्रेमिंग स्क्वेअर काढा.

एक गोष्ट दोघांनाही लागू: गुण्या खरा आहे का, ते आधी बघा. सरळ कडेच्या फळीवर रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी पुन्हा मारा. रेघा फाकल्या तर तो खोटा. फ्रेमिंग स्क्वेअर पडून वाकतो, पण दुरुस्तही होतो. कोन मिटला असेल तर आतल्या कोपऱ्याजवळ पंचने, म्हणजे टोकदार पोलादी खुंटीने, ठोका, उघडला असेल तर बाहेरच्या कोपऱ्याजवळ. एकेक हलका ठोका, आणि प्रत्येक ठोक्यानंतर पुन्हा दोन रेघा.