बॅटरी वाचते तेव्हा काम कुठे जाते?

आजच्या स्मार्टफोनमध्ये सर्रास आढळणारी ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी घेतली आणि तिचा सरासरी विद्युतदाब ३.८५ व्होल्ट धरला, तर तिच्यात साठणारी ऊर्जा साधारण १९ वॅट-तास भरते. १० वॅटचा एलईडी दिवा तेवढ्यावर दोन तासही चालणार नाही. एवढ्या तुटपुंज्या साठ्यावर फोनने दिवसभर स्क्रीन उजळायची, मोबाइल टॉवरशी संपर्क राखायचा, आपले ठिकाण शोधायचे आणि आलेला निरोप तत्काळ कळवायचा, अशी आपली अपेक्षा असते. ती पुरी करण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे फोनचे काम दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर सोपवणे. मात्र काम जिथे जाते, तिथे त्या कामासाठी लागणारी माहितीही जाते. त्यामुळे खासगीपणा, भरवसा (म्हणजे फोन आपले काम वेळेवर आणि न चुकता करेल याची खात्री) आणि बॅटरी यांचा हिशेब मांडताना, फोनऐवजी आता हे काम कोण करत आहे, हा प्रश्न आधी विचारावा असे मला वाटते.

जीपीएसमध्ये हा हिशेब फार स्पष्ट दिसतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून केवळ संदेश प्रसारित करतात. तो कोण ऐकत आहे, हे त्यांना कळत नाही. फोन किमान चार उपग्रहांचे संदेश पकडून आपले ठिकाण स्वतःच काढू शकतो, आणि तेवढ्यापुरती माहिती फोनबाहेर जाण्याचे काहीच कारण नसते. अडचण वेगाची आहे. उपग्रह आपल्या कक्षेचा तपशील सेकंदाला केवळ ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतात आणि तो दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रसारित होतो. म्हणजे बराच काळ बंद असलेल्या रिसीव्हरला, आकाश मोकळे असले तरी, अर्धा मिनिट किंवा त्याहून अधिक वेळ जागे राहून ऐकत बसावे लागते, आणि तेवढा वेळ बॅटरी खर्ची पडते.

त्यावर उपाय म्हणून फोन हा तपशील इंटरनेटवरून मागवून घेतो. यासाठी ‘मी अमुक टॉवरजवळ आहे, मला इथून दिसणाऱ्या उपग्रहांची माहिती द्या’ असे सर्व्हरला सांगितले, तर ठिकाण झटपट मिळते आणि बॅटरीही वाचते. पण आपण साधारण कुठे आहोत, हे त्या सर्व्हरला कळते. दुसरी पद्धत अशी की, सर्व उपग्रहांच्या पुढील काही दिवसांच्या कक्षांचे भाकीत एकाच फाइलमध्ये उतरवून घ्यायचे. ही फाइल जगभर सर्वांना सारखीच लागते, त्यामुळे ती मागताना स्वतःचे ठिकाण सांगावे लागत नाही. फाइल मागणाऱ्याचा इंटरनेट पत्ता सर्व्हरला दिसतो हे खरे, तरीही पहिल्या पद्धतीपेक्षा इथे बरेच कमी उघड होते, आणि बॅटरीची बचत मात्र जवळपास तेवढीच होते. एकच सोय दोन प्रकारे बांधता येते आणि त्यांपैकी एक प्रकार खासगीपणाला बराच जपतो, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण बॅटरी हवी तर माहिती द्यावीच लागेल, असा सरसकट नियम त्यातून खोटा ठरतो.

नोटिफिकेशनचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. फोनचा रेडिओ, म्हणजे नेटवर्कशी संपर्क साधणारा भाग, एकदा माहितीची देवाणघेवाण करून झाल्यावर लगेच झोपत नाही. आणखी काही येईल या अपेक्षेने तो काही सेकंद जादा ऊर्जा खात जागाच राहतो. प्रत्येक अ‍ॅपने नवे निरोप आले का, हे स्वतंत्रपणे विचारत राहायचे ठरवले, तर रेडिओला उसंतच मिळणार नाही. म्हणून अ‍ॅपलने २००९ मध्ये आयफोनसाठी सर्व अ‍ॅप्सना मिळून एकच सामायिक वाहिनी सुरू केली आणि गूगलनेही अँड्रॉइडसाठी तशीच व्यवस्था उभारली. बॅटरीच्या दृष्टीने ही रचना अतिशय चांगली आहे. परंतु कोणत्या फोनला कोणत्या अ‍ॅपकडून केव्हा संदेश आला, याची नोंद त्यामुळे एकाच जागी होऊ शकते. अमेरिकी सिनेटर रॉन वायडन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये तेथील न्याय विभागाला लिहिलेल्या पत्रातून, सरकारे अशा नोंदी या कंपन्यांकडे मागतात, हे जाहीर झाले. सिग्नलसारखे निरोपांचे अ‍ॅप या वाहिनीतून निरोपाचा मजकूर पाठवत नाही. ‘जागा हो’ एवढाच इशारा पाठवते आणि मजकूर नंतर स्वतःच्या सर्व्हरवरून कूटबद्ध, म्हणजे इतरांना वाचता येणार नाही अशा, स्वरूपात आणते. मजकूर अशा प्रकारे सुरक्षित राहतो, इशाऱ्याची वेळ मात्र लपत नाही.

ती वेळही उघड व्हायला नको असेल, तर अ‍ॅपला आपल्या सर्व्हरशी स्वतःचा संपर्क अखंड राखावा लागतो, आणि इथे भरवशाचा प्रश्न उभा राहतो. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ मध्ये ‘डोझ’ ही व्यवस्था आहे. फोन चार्जिंगला लावलेला नसेल, स्थिर पडून असेल आणि स्क्रीन बंद असेल, तर काही वेळाने अ‍ॅप्सचा नेटवर्कशी संपर्क थांबवला जातो आणि तो अधूनमधून थोडाच वेळ खुला होतो. गूगलच्या वाहिनीतून आलेल्या तातडीच्या संदेशांना यातून वाट मिळते. स्वतःची वाहिनी वापरणाऱ्या अ‍ॅपला, वापरकर्त्याने खास सवलत दिल्याखेरीज, ती मिळत नाही. ती सवलत दिली की बॅटरी अधिक खर्च होते. तिन्ही गोष्टींचा खराखुरा संघर्ष असणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही एक आहे, आणि इथे निवड करण्यावाचून गत्यंतर नाही.

अन्यत्र मात्र खासगीपणाची किंमत अनेकदा फुगवून सांगितली जाते. फोनमधील माहिती कूटबद्ध ठेवली तर फोन मंदावेल, ही भीती एके काळी सकारण होती. आज बहुतेक प्रोसेसरमध्ये त्यासाठीच्या आज्ञा थेट हार्डवेअरमध्ये असतात, आणि ज्या स्वस्त उपकरणांत त्या नसतात त्यांच्यासाठी गूगलने २०१९ मध्ये अ‍ॅडिएंटम ही हलकी पद्धत आणली. माग काढणाऱ्या जाहिराती रोखल्या तर उतरवायची माहिती आणि चालवायचे प्रोग्रॅम दोन्ही कमी होतात. तिथे खासगीपणा आणि बॅटरी एकाच बाजूला असतात.

भरवशाला धोका केवळ सॉफ्टवेअरच्या काटकसरीतून येतो असेही नाही. लिथियम-आयन बॅटरी जुनी होत जाते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो, आणि प्रोसेसरने अचानक जास्त वीज मागितली की विद्युतदाब इतका खाली येतो की चार्ज शिल्लक दिसत असतानाही फोन बंद पडतो. हे टाळण्यासाठी अ‍ॅपलने २०१७ मध्ये काही जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरद्वारे मर्यादित केला. तांत्रिकदृष्ट्या तो उपाय योग्य होता, असे माझे मत आहे. वापरकर्त्यांना ते स्पष्ट सांगितले गेले नाही, ही मात्र गंभीर चूक होती. पुढे २०१८ मध्ये बॅटरीची स्थिती दाखवणारी आणि ही मर्यादा बंद करू देणारी सोय दिली गेली, ती आधीच असायला हवी होती.

व्यवहारात निवड करताना सर्व अ‍ॅप्सना एकच नियम लावू नये. खरेदीच्या अ‍ॅपला पार्श्वभूमीत चालण्याचा किंवा अचूक ठिकाण जाणून घेण्याचा काहीच हक्क नाही. याउलट, मधुमेही व्यक्तीच्या शरीरावरील सेन्सर दर काही मिनिटांनी साखरेची पातळी ब्लूटूथवरून फोनला कळवत असेल आणि पातळी घसरल्यास फोनने इशारा देणे अपेक्षित असेल, तर त्या अ‍ॅपला बॅटरी-बचतीतून वगळलेच पाहिजे. काही उत्पादक मूळ अँड्रॉइडपेक्षाही कडक निर्बंध स्वतःहून लावतात, त्यामुळे त्यांच्या वेगळ्या सेटिंगमध्येही ही सवलत द्यावी लागते. चार्जिंग सुरू असताना डोझ लागू होत नाही. म्हणून अशा व्यक्तीने रात्री फोन चार्जरला जोडून ठेवणे अधिक सुरक्षित ठरते.