मुंबई उपनगरांतील रस्त्यांची नावे

मुंबईच्या उपनगरांतील, म्हणजे वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या, रस्त्यांची नावे एका काळात किंवा एका हाताने पडलेली नाहीत. साष्टी बेटावरची गावे, जमीनमालक, नगररचना योजना, स्वतंत्र नगरपालिका आणि शेवटी बृहन्मुंबई महापालिका अशा थरांतून ती आली. पाटीवरचे नाव आणि तोंडात बसलेले नाव यांत फरक पडतो तो यामुळेच.

सर्वांत जुना थर रस्ता कुठे जातो हे सांगणाऱ्या नावांचा. घोडबंदर रोड घोडबंदरकडे जाई, आग्रा रोड ठाण्यावरून पुढे उत्तरेकडे. मरोळ-मरोशी रोड, साकीविहार रोड (साकीनाक्याहून विहार तलावाच्या दिशेने), महाकाली केव्ह्ज रोड, मालाडचा चिंचोली बंदर रोड ही याच घडणीची नावे. ‘बंदर’ म्हणजे इथे मोठे बंदर नव्हे. खाडीकाठचा होड्यांचा धक्काही बंदरच. कुर्ला-घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातला तानसा पाइपलाइन रोड शहराला पाणी आणणाऱ्या नळांच्या कडेने जातो.

गावठाणांतल्या नावांना ‘पाखाडी’, ‘पाडा’, ‘वाडी’ असे शब्द चिकटलेले असतात. पाखाडी म्हणजे कोकणात दगडी फरसबंदीची वाट. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या गावांत तो शब्द वस्तीच्या एका भागालाही लावतात. सहार गावातला चर्च पाखाडी रोड हे त्याचे चालते उदाहरण. रस्त्याच्या पाटीवरून नाहीसे झालेले गाव कागदात मात्र जिवंत असते. अंधेरीतल्या सदनिकेच्या करारनाम्यात आजही ‘मौजे आंबिवली’ किंवा ‘मौजे मोगरा’ असे लिहून पुढे सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक येतो. नावाचा माग काढणाऱ्याने पाटीपेक्षा आधी हा कागद पाहावा.

वांद्र्यात ब्रिटिश काळात टर्नर, कार्टर, पेरी, वॉटरफील्ड अशी नावे पडली. हिल रोड मात्र कुणा व्यक्तीचा नाही. तो माउंट मेरीच्या टेकडीकडे जातो, एवढेच.

१९१५च्या मुंबई नगररचना कायद्यानंतर शेतजमिनींचे भूखंड पाडून योजना आखल्या गेल्या. आखणारे अभियंते नावांच्या फंदात पडले नाहीत, त्यांनी क्रमांक दिले. खार आणि चेंबूरचे क्रमांकित रस्ते, बोरिवलीचा टीपीएस रोड (टाउन प्लॅनिंग स्कीम) ही त्याची खूण. जुहू-पार्ले योजनेत दक्षिणोत्तर रस्त्यांना ‘नॉर्थ-साउथ रोड’ म्हणून क्रमांक दिले, त्याचे झाले ‘एन. एस. रोड नंबर १०’. हे कुणा एन. एस. आद्याक्षरांच्या माणसाचे नाव असावे, असा समज सहज होतो. उलट मुलुंड पश्चिमेचा एन. एस. रोड खरोखरच व्यक्तीच्या नावाचा आहे: नेताजी सुभाष रोड.

एकाच नावाचे अनेक रस्ते का, याचे उत्तर हद्दवाढीत आहे. वांद्रे, कुर्ला, पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ अशा स्थानिक नगरपालिका होत्या आणि प्रत्येकीला आपला गांधी रोड, टिळक रोड हवा होता. १९५० मध्ये अंधेरी-जोगेश्वरीपर्यंतची आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतची हद्द मुंबईत आली. नावे मात्र तशीच राहिली. म्हणून पार्ले, गोरेगाव, कांदिवली, घाटकोपर, मुलुंड अशा प्रत्येक ठिकाणी महात्मा गांधी रोड आहे. पत्त्यात उपनगर, पूर्व-पश्चिम आणि पिनकोड तिन्ही लागतात, ते याचसाठी. १९७२ मध्ये पिनकोड आला तेव्हा जुना टपाल विभाग क्रमांक शेवटी ठेवला गेला: पार्ले पूर्वचे ‘मुंबई ५७’ झाले ४०००५७.

स्वातंत्र्योत्तर नामांतरांत घोडबंदर रोडचा वांद्रे-दहिसर भाग स्वामी विवेकानंद मार्ग झाला, आग्रा रोड लालबहादूर शास्त्री मार्ग, टर्नर रोड गुरुनानक मार्ग, कार्टर रोड संगीतकार नौशाद अली यांच्या नावाचा, आणि हिल रोड १९९४ मध्ये हत्या झालेल्या भाजप नेते रामदास नायक यांच्या नावाचा. यांतली पहिली दोन रुजली, पण आद्याक्षरांच्या रूपात: एस. व्ही. रोड, एलबीएस. उरलेली पाटीवरच राहिली. रिक्षावाल्याला ‘रामदास नायक मार्ग’ सांगून पाहावे. तो ‘म्हणजे हिल रोड ना?’ असे विचारील. लांब नाव आखूड होतेच; सहज उच्चारता येणारी आद्याक्षरे मिळाली तर नवे नाव टिकते, नाहीतर जुनेच चालू राहते. टिकण्याची किंमतही असते. ज्याच्या गौरवासाठी नाव दिले, तो माणूस आद्याक्षरांत दिसेनासा होतो. बोरिवलीचा एल. टी. रोड लोकमान्य टिळकांचा, हे रोज तिथून जाणाऱ्यालाही आठवून सांगावे लागते.

पत्ता चुकतो तो ठरावीक जागी. बोरिवली पश्चिमेत एस. व्ही. रोड आहे आणि एस. व्ही. पी. रोडही (सरदार वल्लभभाई पटेल). वांद्रे-सांताक्रूझ बाजूचा लिंकिंग रोड आणि अंधेरीपासून उत्तरेकडे जाणारा लिंक रोड हे वेगळे आहेत. घाईत ‘लिंक रोड’ एवढेच लिहिले की पार्सल भलतीकडे जाते. पवईत जेव्हीएलआरलाच (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) आदि शंकराचार्य मार्ग हे अधिकृत नाव आहे, त्यामुळे एकाच इमारतीची दोन पत्रे दोन पत्त्यांनी येऊ शकतात.

खासगी संकुलांनी अलीकडचा थर घातला. लोखंडवाला, हिरानंदानी ही विकासकांची आडनावे असून ती परिसराची आणि रस्त्यांची ओळख बनली. चित्रपटगृहांचेही तसेच: सांताक्रूझचा मिलन सबवे मिलन टॉकीजच्या नावाने ओळखला जातो.